ठिपके राहिले होते

रोज सकाळी अंघोळ झाली की रेवती काखी उंबऱ्यापाशी बसायची. गेरूने सारवलेला उंबरा, वाटीत भिजवून वाटलेल्या तांदळाचं पातळसर बिस्वार. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं त्यात बुडवून ती पाच उभ्या धारा ओढायची आणि प्रत्येक धारेच्या खाली एक ठिपका द्यायची. ठिपके मोठ्याने मोजायची. पाचच असायचे, तरी मोजायची. मग मान वर करून जिन्यावर जो कोणी असेल त्याला सांगायची, "ओलं आहे. ओलांडून जा."

जिन्यावर बहुतेक वेळा मीच असायचे. डोंगराच्या पायथ्याच्या हल्द्वानीत आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. ती खरी काखी हंसाची. हंसा तिच्या दिराची मुलगी, कपकोटजवळच्या गावातून शिकायला म्हणून खाली आलेली. पण हंसाचं बघून सगळी गल्लीच तिला काखी म्हणायला लागली होती. त्यात प्रेम होतं तेवढाच धाक होता. लग्नाला गेली की काखी आधी जमिनीवरची ऐपण, म्हणजे गेरूवरची ती पांढरी नक्षी, बघायची, मग नवरी. परत आल्यावर निकाल सांगायची, "नवरी बरी आहे. ऐपण वाकडी आहे. बघू, किती दिवस टिकतं ते."

हंसा शिकायला आली आणि खोखो खेळायला लागली. गुडघे कायम सोललेले. काखी हळद लावता लावता म्हणायची, "चेली, माझ्या पोरी, ज्या खेळात निम्मा वेळ पाठ फिरवून बसायचं, त्यात एवढं लागतं कसं गं?"

मग आमच्या राज्यात पहिल्यांदाच राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आल्या. राज्य होऊन पंचवीस वर्षं होत आली होती, पण पाहुणे असे एकदम यायची ही पहिलीच वेळ. भिंतींवर मोनाल पक्षी रंगले. रस्ते इतके गुळगुळीत झाले की काखीला संशय यायला लागला. हंसा राज्याच्या संघात निवडली गेली. आणि सजावटीच्या कंत्राटदाराचा माणूस गल्लीत विचारत आला, इथे ऐपण चांगली कोण काढतं?

गल्लीने एकमताने काखीचं घर दाखवलं. निदान चार दिवस ती दुसऱ्यांच्या अंगणात डोकावणार नव्हती.

गौला नदीपलीकडच्या मैदानात खेळाडूंच्या दारापुढे लांबलचक उतार होता. तो सगळा गेरूने रंगवून त्यावर ऐपण काढायची होती. काखीने सात बायका नेल्या, त्यातल्या दोघींना पहिल्याच दिवशी परत पाठवलं. "तुझा हात थरथरतो. आणि तुझं तोंड थांबत नाही." उरलेल्या पाच जणींनी तीन दिवस रेघा ओढल्या. ठिपके मात्र शेवटी आणि एकाच हाताने द्यायचे, असा काखीचा नियम. तो हात कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी चार वाजता रेघा संपल्या, आणि तेवढ्यात मैदान तपासणीसाठी रिकामं करायचा हुकूम आला. काखीचं बोट वाटीत होतं. "ठिपके राहिलेत," ती म्हणाली. कंत्राटदाराचा माणूस लांब कुठल्या तरी शहरातला. तो म्हणाला, "आंटी, असंच छान दिसतंय. एकदम क्लीन."

घरी आली ती न जेवता बसली. बिनठिपक्यांची ऐपण आमच्याकडे एकाच प्रसंगी काढतात. घरातलं माणूस जातं, त्याच्या बाराव्याला. काखीच्या नवऱ्याच्या, कक्कांच्या, बाराव्याला याच अंगणात काढली होती, आणि तीही काखीनेच. आता तसंच दार तिने साऱ्या देशाच्या मुलांसाठी काढून ठेवलं होतं, आणि सकाळी दहाला त्यावरून पहिला पाय पडणार होता तो हंसाच्या संघाचा.

मी हंसाला फोन लावून दिला. ती खेळाडूंच्या वसतिगृहात होती.

"काखी, तू झोप. मी उडी मारून जाईन."

"तू मारशील. बाकीच्यांचं काय? तीही कोणाची तरी पोरं आहेत."

"त्यांना माहीतच नाही ना ठिपक्यांचं. ज्याला माहीत नाही त्याला लागत नाही."

"मला माहीत आहे," काखी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

सकाळी धुक्यात आम्ही दोघी ई-रिक्षाने निघालो. काखीच्या शालीखाली झाकण लावलेला तांब्या. फाटकावरच्या शिपायाने तो उघडायला लावला.

"पातळ पदार्थ आत नेता येत नाही, माताजी."

"पातळ? तुझ्या घरी पातळ करत असतील. हे बघ, बोटाला कसं धरतं."

"पास दाखवा."

"कालपर्यंतचा आहे."

"आज चालत नाही."

"काल मी चोर नव्हते, आज झाले?"

मागे रांग वाढत गेली. मी तिची शाल ओढत होते, ती माझा हात झटकत होती. शेवटी आवाज ऐकून एक फौजदार आले, छातीवर बिष्ट अशी पाटी, आमच्या पहाडातलंच आडनाव. काखीने पाटी वाचली आणि तिचा सूरच बदलला. धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाली, "भुला, तू तर आपला आहेस. तो उतार बघ जरा. नीट बघ."

बिष्टांनी बघितलं. चार पावलं जवळ गेले, वाकून बघितलं, आणि त्यांची टोपी आपोआप डोक्यावरून हातात आली.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर आलेय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "बस वीस मिनिटांत येतील. किती वेळ लागेल?"

"नुसता बघत उभा राहिलास तर तासभर. तांब्या धरलास तर कमी."

त्यानंतरचं दृश्य मी अजून कोणाला खरं वाटेल असं सांगू शकलेले नाही. काखी पदर खोचून, ओणवी होऊन मागे मागे सरकतेय, तीन बोटांनी ठिपके देतेय. आणि तिच्या शेजारी पूर्ण वर्दीतले फौजदार कमरेत वाकून तांब्या पुढे करतायत. मध्येच त्यांनी धीर करून म्हटलं, "इथे एक राहिला वाटतं." काखीने बघितलं. राहिलाच होता. तिने तो दिला, पण बिष्टांकडे पुन्हा बघितलं नाही.

तीन हात उरले होते तेव्हा बस आल्या. मुलींचे संघ दारापर्यंत आले आणि काखीचा पांढरा पंजा वर झाला.

"थांबा! ओलं आहे."

एक उंच मुलगी घड्याळ दाखवत म्हणाली, "अम्मा, आमची मॅच आहे!"

"मग उडी मारायला शिकवलंय ना तुम्हाला? कडेकडेने या, आणि या टोकाशी उडी मारा."

आणि खरंच, पाठीवर आपापल्या राज्यांची नावं घेतलेल्या मुली एकेक करून रेवती काखीच्या ठिपक्यांवरून उड्या मारत आत गेल्या. काहींना मजा वाटली, त्या पुन्हा मागे येऊन मारत होत्या. हंसा मान खाली घालून सगळ्यात शेवटी आली. ही बाई आपली कोणी लागते हे कोणाला कळू नये, एवढ्याच काळजीत होती. तिने उडी घेतली आणि तिची टाच सपकन ओल्या रेघेवर पडली.

बिष्टांनी डोळे मिटले.

"सगळा देश ओलांडून गेला," काखी म्हणाली, "आणि पाय दिला तो घरच्या पोरीने."

ती खाली बसली. टाचेच्या ठशापुढे पाच ठिपके दिले, लहान होत गेलेले. दिवाळीला मुठीने लक्ष्मीची पावलं काढतो तसं एक पाऊल तयार झालं, आत जाणारं. "आता राहू दे," ती म्हणाली. "जा. खेळ."

हंसाने चार गडी बाद केले. संघ तरी हरला. समोर महाराष्ट्राच्या मुली होत्या, आणि त्यांच्याकडून खोखोत हरण्यात लाज नाही असं सगळेच म्हणाले, काखी सोडून. घरी आल्यावर तिने हंसाला समोर बसवून विचारलं, "त्या ठिपके काढतात का दारात?"

"काढतात. त्यांच्यातली एक म्हणाली, आमच्या रांगोळीत आधी ठिपकेच काढतात. रेघा नंतर."

हळदीची वाटी काखीच्या हातात तशीच राहिली.

"शहाणी माणसं," शेवटी ती म्हणाली. "मधेच कोणी उठवलं तरी घोर नाही."

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी मी जिना उतरताना बघितलं, उंबऱ्यावर रेघ एकही नव्हती आणि पाच ठिपके आधीच होते. मी हसले. काखी म्हणाली, "बोटावरून सांडले." पाचही, सारख्या अंतरावर.

पुढल्या हिवाळ्यात हंसाची मोठ्या शिबिरासाठी निवड झाली. निघायच्या दिवशी नुसता उंबराच नाही, तर जिन्यापासून फाटकापर्यंत सगळं अंगण ऐपणने भरायचं काखीने ठरवलं होतं. आदल्या दुपारी तिने तांदूळ भिजत घातले, शेर-दीड शेर तरी असतील, आणि उन्हात खुर्ची टाकून बसली. तासाभराने हंसा चहा घेऊन गेली तेव्हा काखी उठली नाही.

हंसा शिबिराला तेरा दिवस उशिरा पोचली. बाराव्याची ऐपण तिनेच काढली. रेघा जरा वाकड्या आल्या, आणि ते सांगायला कोणी नव्हतं. संध्याकाळी विधी आटोपल्यावर अंगण धुऊन तिने गेरू दिला, उंबऱ्यावर पाच ठिपके दिले, मग रेघा ओढल्या. मी जिन्यावर होते. तिने मान वर केली नाही, तरी मी ओलांडून गेले.

तांदूळ भिजत घातले त्या दुपारी वर जाताना मी काखीला विचारलं होतं, काही हवंय का? डोळे न उघडताच ती म्हणाली, "तांदळाच्या परातीवर झाकण ठेव गं, मांजर तोंड घालेल."