वहिनीच्या पाकिटावरचे दोन शब्द

पाकिटावरचे ते दोन शब्द माझे होते, वहिनीचे नव्हते. जिथे हे सांगायला हवं होतं तिथे मी सांगितलं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

दादा गेला तेव्हा वहिनी पन्नाशीला आली होती. दादा अंबरनाथला एका कंपनीत फिटर होता. तिथल्याच बुवापाड्यात दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मूलबाळ नाही. मी बदलापूरला राहतो. दर रविवारी तिच्याकडे एक चक्कर मारायचो. पहिलं वर्ष ती जवळजवळ बोललीच नाही. घासलेली भांडी पुन्हा घासायची, मी निघालो की "जपून जा" म्हणायची. बस, तेवढंच.

मग एका रविवारी दार उघडंच होतं आणि आतून गोड वास येत होता. ओट्यावर प्लास्टिकचे साचे मांडलेले. शेजारणीबरोबर ती तीन दिवसांच्या चॉकलेटच्या क्लासला जाऊन आली होती, मला पत्ताच नाही.

"खाऊन बघा भाऊजी. खरं सांगा हां, उगाच चांगलं म्हणू नका."

चांगलं होतं. मी तसं म्हटलं तर ती हसली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा.

सामान आणायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. बेकरीचं सामान विकणारे एक वयस्कर सिंधी शेठ होते. त्यांनी दोन लाद्या समोर ठेवल्या. "देखो भाभी, ये असली चॉकलेट, कोको बटरवाला. महंगा है, और गरमी में पिघल जाएगा. ये कंपाऊंड. इसमें बटर की जगह तेल है, फटाफट जमता है. घर से करनेवाले सब यही लेते हैं."

शेठनी काही लपवलं नाही. कंपाऊंड हे लादीच्या कागदावरही छापलेलं होतं. वहिनीने असलीवाली लादी उचलून वास घेतला आणि ठेवून दिली. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ती टिकली नसती.

लेबल करायचं काम माझं. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा घरात मी एकटाच. अन्न खात्याकडची नोंदणी वहिनीच्या नावावर झाली होती. नंबर, पत्ता, वजन सगळं टाकलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्युअर चॉकलेट'.

वहिनी माझ्या मागे उभी होती. "लादीवर तर कंपाऊंड लिहिलंय ना? मग आपण चॉकलेट लिहायचं?"

"वहिनी, कंपाऊंड म्हटलं की लोकांना बिल्डिंगचं कंपाऊंड आठवेल. कोण घेईल?"

"पण चालतं का असं?"

"कोण बघतंय!"

ती आणखी काही विचारणार होती, पण मी प्रिंटची कमांड देऊन टाकली होती.

पुढची दोन वर्षं तिची चांगली गेली. अंबरनाथ स्टेशनजवळचा एक दुकानदार तिचा माल ठेवायला लागला. बदलापूर गावातल्या एका शाळेने बक्षीस समारंभाला तिची पाकिटं घेतली आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. त्या दिवशी ती लग्नातली पैठणी नेसली होती. बुवापाड्यातली पोरं तिला चॉकलेटवाली काकी म्हणायची. घराबाहेर चपलांचा ढीग दिसला की मला कळायचं, आज साचे रिकामे करायचा दिवस आहे. फुटलेले तुकडे ती पोरांना वाटायची.

मग अन्न खात्याच्या एक मॅडम त्या स्टेशनजवळच्या दुकानात आल्या आणि बाकीच्या मालाबरोबर वहिनीच्या पाकिटांचाही नमुना सील करून घेऊन गेल्या. काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आणि नोटीस आली. मॅडम वाईट नव्हत्या, हे मुद्दाम लिहितो. नोटीस घेऊन आम्ही ठाण्याच्या ऑफिसात गेलो तर त्यांनी वहिनीला आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"हे बघा, तुमचा माल खराब नाही. खाऊन कुणाला काही होणार नाही. पण चॉकलेट म्हणून विकायचं तर त्यातली चरबी कोकोची हवी. दुसरं तेल किती चालतं त्याला मर्यादा आहे, आणि ते पाकिटावर सांगावं लागतं. तुमच्यात सगळं तेलच आहे. त्यात वर तुम्ही प्युअर लिहिलंय."

वहिनी मान खाली घालून ऐकत होती. मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्या दोन शब्दांवर पेनाचं टोक टेकवलं.

"हे लेबल कुणी केलं?"

मी वहिनीच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तोंड उघडलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. नोंदणी तिची, नोटीस तिला, मला कुणी काही करणार नव्हतं. पण त्या क्षणी मला माझं ऑफिस आठवलं, साहेब आठवले, उगाच आपलं नाव कुठल्या कागदावर नको असं वाटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

"मीच केलं," वहिनी म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

तिला माहीत होतं. तिने विचारलं होतं.

पुढे सुनावणी झाली, दंड झाला, तो भरला. मॅडमनी सांगितलंही, "नाव बदला, कंपाऊंड लिहा आणि खुशाल विका." कायद्यापुरतं प्रकरण तिथेच संपलं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. विकत घेणाऱ्याला आपण काय खातोय ते कळायलाच हवं.

बुवापाड्यात मात्र ते संपलं नाही. तिथे बातमी पोचली ती वेगळीच. काकी डुप्लिकेट माल विकत होती, भेसळ सापडली. कुणी म्हणालं मेण घालायची. वहिनी एकेका दारात जाऊन समजावत होती, "अहो भेसळ नव्हती, नाव चुकलं होतं." बायका "हो का" म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. ज्या शेजारणीबरोबर ती क्लासला गेली होती, तिने तिच्यादेखत नातवाच्या हातातून तुकडा काढून घेतला. शाळेने पुन्हा बोलावलं नाही. दाराबाहेरच्या चपला बंद झाल्या.

मी नवीन लेबल करून नेलं. सगळं नियमाप्रमाणे, कंपाऊंड मोठ्या अक्षरात. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी नाही करणार आता, भाऊजी."

साचे तिने भंगारवाल्याला दिले. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली. दिवसभर जमिनीवर बसून शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कात्रीने कापायचे. बोटं निळी होऊन यायची. माझी बायको तिला म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे या राहायला." ती म्हणाली, "तिकडे येऊन काय करू?"

मी रविवारी जात राहिलो. ती चहा करायची, बोलायची सगळ्यांबद्दल. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. ना तिचा, ना माझा. मला वाटायला लागलं की तिने मनावर घेतलं नसावं. आपल्याला सोयीचं तेच वाटतं माणसाला.

दोन वर्षांनी तिच्या डोळ्यांना धागे दिसेनासे झाले आणि तिने महाडला भावाकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेलो होतो. ती दादाचे कपडे पिशवीत भरत होती, आणि मी एकदाचं म्हणून टाकलं, "वहिनी, त्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं."

तिचे हात थांबले. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे, झालं गेलं. तशी बाई होती ती, सगळ्यांचं जाऊ दे म्हणणारी.

"हो," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं."

पिशवीत आणखी एक शर्ट ठेवून म्हणाली, "तिथे नाही बोललात, ते समजलं मला. माणूस घाबरतो. पण परत येताना मी वाट बघितली. घरी आल्यावर बघितली. पुढच्या रविवारी बघितली. मला म्हटलं असतं ना नुसतं, वहिनी, चूक माझी आहे, तरी मला पुरलं असतं. इथल्या बायकांचं काय, त्या परक्या. घरात तरी एक माणूस मला खोटी समजत नाही, एवढं कळलं असतं."

"मी कधीच तुला..."

"ते तुम्ही सांगितलं नाहीत ना, भाऊजी."

तिने पिशवीची चेन ओढली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी ट्रंक उचलली. दुसरी कडी तिने धरली, नको म्हटलं तरी.

आता ती महाडला आहे. महिन्यातून एकदा मी फोन करतो. तिला फोनवर नीट ऐकू येतं, आवाजही चांगला आहे. माझ्या बायकोची चौकशी करते, मुलीच्या नोकरीबद्दल विचारते, बदलापूरला पाणी येतं का विचारते. "ठेवू मग?" ती म्हणते. तुम्ही कसे आहात, असं ती मला विचारत नाही.