आबांचं इंजिन आणि माझा ओटा

माझ्या हाताला एक वाईट खोड आहे, सामान हलवायची. दर रविवारी डबे उतरवायचे, पुसायचे आणि दुसरीकडंच लावायचे. त्या खोडीपायी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जवळजवळ घालवूनच बसले होते.

आबा मीटरगेजच्या काळातले ड्रायव्हर. मनमाडच्या लाईनवर पॅसेंजर गाड्या ओढणाऱ्या, वायपी नावाच्या मोठ्या वाफेच्या इंजिनांवर त्यांची उभी हयात गेली. आई गेल्यावर बदनापूरला एकटेच राहायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा मी त्यांना नवीन जालन्यात माझ्याकडं आणलं. आठ दिवसांत त्यांचं बोलणं आटलं. खाली भंगारवाला ओरडत गेला की म्हणायचे, "वर बोलाव त्याला. आमची इंजिनं नेली, मला बी ने म्हणावं."

एका सकाळी ते चाचपडत ओट्यापाशी गेले. साखरेच्या जागी मी आदल्याच दिवशी मिठाचा डबा ठेवला होता. चहात मीठ पडलं, दूध उतू गेलं. मी धावत आले आणि तोंडातून निघून गेलं, "दिसत नाही तर कशाला लुडबूड करता?" बाई गं! आबांनी चमचा हळूच खाली ठेवला. "न्हाई करणार," म्हणाले.

दोन दिवस ते नावापुरतं जेवले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापाशी बसून सरळ रडले. म्हटलं, आबा, चुकलं माझं.

"पोरी," ते म्हणाले, "पूर्णेच्या शेडमधून रोज येगळं इंजिन मिळायचं. पण वायपी म्हंजे वायपी, सगळ्या एकाच घडणीच्या. वाफ सोडायचा रेग्युलेटर तिथंच, शिट्टी तिथंच. वाफेनं काई दिसंना झालं तरी हात बराबर जागेवर जायचा. तुझा ओटा मातर रोज नवाच!"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्याच दुपारी आबांनी मला कामाला जुंपलं. चहाचा डबा उजवीकडं, शिट्टीच्या जागी. साखर त्याच्या खाली, हाताला कळावी म्हणून डब्याला दोरी बांधलेली. आणि एक नियम. इंजिनावर ड्रायव्हर सिग्नल मोठ्यानं सांगायचा, कोळसा टाकणाऱ्या फायरमननं तेच परत म्हणायचं. इथंही तसंच. माझं उत्तर आलं नाही तर गॅस पेटवायचा नाही.

"म्हणजे मी फायरमन?"

"मंग? कोळसा टाक म्हणलो का तुला?"

कितीतरी दिवसांनी ते माझी टिंगल करत होते.

रविवारी हात नुसते शिवशिवत होते, पण एक डबा हलवला नाही. सोमवारी वेणी घालत होते तोच आवाज आला, "गॅस चालू!"

"गॅस चालू!" मी ओरडले. अर्धी वेणी हातात धरून बसले, पण जागची उठले नाही. त्या पाच मिनिटांत माझा जीव काय टांगणीला लागला होता!

"गॅस बंद!"

"गॅस बंद!"

आबा पावलं मोजत आले आणि कप माझ्यापुढं धरला. मी घोट घेतला. खोटं बोलणं मला जमत नाही.

"आबा, साखर लई झाली."

खाली भंगारवाल्याची हाक आली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"असं का?" आबा म्हणाले. "मंग उद्या अर्धा चमचा कमी टाकतो."