अनवाणी फोटो

साताऱ्यात सदर बझारात चांदसाहेबांचा फोटो स्टुडिओ आहे. पेन्शनच्या कागदांसाठी येणारे म्हातारे फौजी हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. कुणी खुर्चीत वाकून बसला की ते म्हणत, "सुभेदारसाहेब, छाती काढा की जरा! असा फोटो गेला तर पेन्शन बंद करत्याल, वाटंल माणूस गेला." म्हातारा हसे, ताठ होई, तेवढ्यात फोटो निघे. माणूस आहे त्याहून बरा दिसला पाहिजे, एवढाच त्यांच्या धंद्याचा नियम. हा नियम त्यांनी एकाच ठिकाणी मोडला होता, आणि तोही पुण्य समजून.

गावाबाहेर एका ख्रिस्ती संस्थेचं मुलांचं वसतिगृह आहे. कुणाचा बाप गेलेला, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, अशी मुलं तिथं राहून शिकतात. परदेशातलं एकेक घर एकेका मुलाचा भार उचलतं. नाताळाआधी मुलाचं पत्र आणि नवा फोटो त्या घराला जातो. पंचवीस वर्षं हे फोटो चांदसाहेबच काढत. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, की सुकलेलं तोंड पाहिल्याशिवाय देणाऱ्याचा हात सुटत नाही. म्हणून अंगणात जास्वंद फुललेली असताना ते मुलांना मागच्या गिलावा नसलेल्या भिंतीशी उभं करत. केसातलं फूल काढायला लावत. "हसू नको रं," म्हणत.

चौदा वर्षांपूर्वी तिथं संयोगिता होती, आठ वर्षांची, कोयनानगरकडची. बाप घाटात गाडी उलटून गेलेला. आई, साळूबाई, खानावळीत भाकऱ्या थापायची. फोटो आहे असं कळल्यावर ती पहाटेची एसटी धरून आली आणि पोरीच्या पायात नवे लाल सँडल घातले. पोर टाचा जुळवून, पडलेल्या दाताची खिडकी दाखवत उभी राहिली.

"सँडल काढ गं बाय," चांदसाहेब म्हणाले. "आणि तोंड मिट."

साळूबाई पुढं झाली. "आवं भाऊ, मी काय पोरीला उघडी ठिवलीया व्हय?"

"ताई, लांबच्या माणसाला दिसाय पायजे, गरज हाय म्हणून. तिच्याच भल्याचं हाय."

साळूबाईनं खाली बसून स्वतःच्या हातानं पोरीच्या पायातले सँडल सोडवले.

यंदा नोव्हेंबरात वसतिगृहाच्या क्रांतीबाई रणनवऱ्यांचा फोन आला. नवं सभागृह बांधून झालं होतं. "चांदभाई, संयोगिताचा तो अनवाणी फोटो मोठा करून द्या. दारातच लावू. तो आपल्या पत्रकावर छापल्यापासून किती मुलांना आधार मिळाला! ती शिरवळच्या कंपनीत लागलीय, आईला घेऊन येणार आहे. तिला सांगायचं नाही हं, गंमत करू."

चांदसाहेबांनी जुनी फाईल उघडली. फोटो जसजसा मोठा केला, तसं लहान आकारात न दिसलेलं दिसू लागलं. पोरीनं पायांची बोटं आत दुमडून घेतली होती. कडेला एका बाईचा हात होता, हातात लाल सँडल. पाठवलेल्या फोटोतून तो हात त्यांनी तेव्हा कापून टाकला होता. आता हे दारात लागणार, आणि चारशे माणसांसमोर साळूबाई ते बघणार. तिसऱ्या दिवशी वसतिगृहातून पत्ता मिळवून ते शिरवळच्या एसटीत बसले.

साळूबाईनं त्यांना दारातच ओळखलं. पाणी दिलं, चहा ठेवला. संयोगिता सकाळची पाळी करून नुकतीच आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. चांदसाहेबांनी कप हातात धरूनच सगळं सांगितलं.

साळूबाई म्हणाली, "तुमी माफी मागाय आलायसा, का परवानगी?"

खरं म्हणजे तिनं 'जाऊ द्या भाऊ, जुनं झालं' म्हणावं, एवढ्याच आशेनं ते आले होते.

"त्यो फोटो आमालाबी दिला हुता," ती पुढं म्हणाली. "मी भिंतीला लावला न्हाई. लोक म्हणलं असतं, आईनं चपलाबी घेतल्या न्हाईत."

संयोगिता म्हणाली, "मला सँडलचं काय वाटलं न्हाई, काका. मला वाटलं, माझं दात लय वंगाळ हाईत, म्हणून तुमी तोंड मिटाय लावलं." तिनं ओळखपत्र उलटं करून दाखवलं. त्यावरच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले. "अजून फोटोत मला हसायला येत न्हाई."

"पोरी, मला खरंच वाटलं हुतं..."

"मला काय सांगताय? क्रांतीबाईंना सांगा. सँडल आईनं आणलं हुतं आणि काढाय कुणी लावलं, ते तुमच्या तोंडानं सांगा."

ते परस्पर वसतिगृहात गेले आणि सांगितलं. क्रांतीबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "मी त्या दिवशी खिडकीत होते, चांदभाई," त्या म्हणाल्या. "मी बघितलं होतं. मलाही वाटलं, चालेल, मुलांसाठीच आहे." मग त्यांनी शिरवळला फोन लावला, आणि चांदसाहेब बाहेर येऊन उभे राहिले.

फोटो लागला नाही. कार्यक्रमाला मायलेकी आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. कार्यक्रम संपल्यावर क्रांतीबाई म्हणाल्या, यंदाचे फोटो आजच घेऊ, अंगणात, चांगल्या कपड्यांत. चांदसाहेबांनी जास्वंदीपाशी कॅमेरा लावला. मुलं ओळीनं आली. येता येता दरवर्षीच्या सवयीनं प्रत्येकानं आपल्या चपला भिंतीकडेला काढून ठेवल्या.

"आरं, घाला की चपला! आणि हसा!"

कुणी हललं नाही. पहिल्या नंबरावरच्या पोरीला मागच्या मोठ्या मुलीनं कोपरानं ढोसलं आणि ती कुजबुजली, "दात झाक. काका मुद्दाम हसा म्हणतोय, तू खरंच हसतीस का ते बघतोय."

चांदसाहेब कॅमेरा सोडून गेले, त्या पोरीच्या चपला शोधून आणल्या आणि गुडघे टेकून तिच्यापुढं ठेवल्या. पोरीनं पाय मागं घेतले आणि तोंड आणखी घट्ट मिटलं.