न पिणारे आबदारचाचा

आमच्या बेंबळीत दारूतलं सगळ्यांत जास्त ज्यांना कळत होतं, त्यांनी आयुष्यात दारूचा थेंबही जिभेला लावलेला नव्हता. हे मी कॉलेजातल्या मित्रांना एकदोनदा सांगून पाहिलं. ते हसले, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. म्हणून आता लिहूनच काढतो आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. तरुणपणी ते हैदराबादला एका जहागीरदारांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, आबदार होते. पाणी, सरबत आणि दारू हे सगळं तिथं त्यांच्या ताब्यात असे. म्हणून मोठी माणसं त्यांना आबदार म्हणत आणि आम्ही आबदारचाचा. उंच, वाळकी अंगकाठी, खांद्यावर पांढरा रुमाल. तो रुमाल ते रोज नुसत्या पाण्यानं धूत, साबण लावत नसत. अत्तर तर ईदेलाही नाही. "दुसऱ्याचा वास घ्यायचा तर आपला वास आड येऊ नये," असं म्हणत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जहागीरदारांची काही अमेरिकन साहेबांशी दोस्ती झाली होती. ते साहेब आपल्या मुलखातली व्हिस्की पेट्यांनी आणून देत. तिच्यात दोन जाती. एक बर्बन, मक्याची. दुसरी राय नावाच्या धान्याची. हे धान्य गव्हाच्या कुळातलं असतं म्हणे. चाचांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही आतून जाळलेल्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवलेल्या. जेवणाआधी जहागीरदार सहा लहान पेले मांडायला लावत आणि पाहुण्यांनी ओळखायचं, कोणती कशाची, किती वर्षांची. पाहुणे पीत, वाद घालत, चुकत. मग चाचांना बोलावणं जाई. चाचा दोन थेंब तळहातावर घेत, हात एकमेकांवर चोळत, वाळू देत आणि मग नाकाशी नेत. "दारूचा झणका उडून जातो बेटा, मागं धान्य राहतं आन् लाकूड राहतं." निवाडा सांगून झाला की तीनदा हात धुवायचे आणि नमाजाला जायचं.

"कधी चुकलात का?" मी एकदा विचारलं.

"एकदा. सर्दी झाली व्हती."

त्या दोन जातींचं ते असं वर्णन करत, की मी न पिताच आज त्या ओळखीन असं मला वाटतं. "मक्याची म्हंजी घरात पुरण शिजाया लागल्यावानी. जड, गोड, सगळ्यांशी गोड बोलणारी. रायची तशी न्हाय. ज्वारीची भाकर कडंला जराशी करपावी आन् वर मिरं कुटून टाकावं, तशी. ती आधी चावती, मग बोलती." वयाबद्दल त्यांचं मत याहून ठाम होतं. "चार वर्साला लाकूड नुसतं बोलाया लागतं. आठाला गातं. पंधराच्या म्होरं गेलं का भांडाया लागतं. लोकं उगं जुनी जुनी करतेत. लई जुनी झाली का धान्य मरतं, नुसतं लाकूड उरतं."

"माणसाचंही तसंच असतं का चाचा?" मला तेव्हा असले प्रश्न फार सुचत.

"ते मला काय ठाव. म्या माणसं हुंगत न्हाय."

पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, देवडी रिकामी झाली आणि चाचा गावी परतले. बेंबळीत बर्बन कोण आणणार? पण नाक होतं. कुणी तूप विकत घेतलं, की आधी वाटी चाचांकडं जाई. करडीच्या तेलात जवस मिसळलेलं असलं तर ते दारातूनच सांगत. आमच्या वडिलांनी एकदा दुकानातून तेल आणलं. चाचांनी बुधली नाकाखालून नुसती फिरवली. "चौथा हिस्सा जवस हाय." वडील चाचांना घेऊनच दुकानात गेले. दुकानदार, आम्ही त्याला शेटजी म्हणत असू, हात जोडून म्हणाला, "आबदार, तुमचं नाक एकदा कापून टाकलं का गावातली निम्मी भांडणं मिटतील बघा."

"कापा की," चाचा म्हणाले. "पर आधी ह्यांचं तेल बदलून द्या."

मशिदीतले बांगी म्हातारे झाले होते, त्यांना दम लागे. म्हणून पहाटेची अजान बहुतेक चाचाच देत. मॅट्रिकच्या वर्षी मी त्या आवाजानं उठून अभ्यासाला बसत असे. आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडलेला मी पहिलाच, आणि घरात घड्याळ नव्हतं.

देवडी सोडताना जहागीरदारांनी प्रत्येक जुन्या नोकराला काय हवं ते विचारलं होतं. कुणी गालिचा मागितला, कुणी तांब्याची देग. चाचांनी दोन बाटल्या मागितल्या, एक मक्याची, एक रायची, दोन्ही आठ वर्षांच्या, सीलबंद. लोकरीत गुंडाळून त्यांनी त्या एका फडताळात ठेवल्या होत्या. मी एकदा विचारलं, की प्यायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, मग कशाला हव्यात?

त्यांनी फडताळाचं दार लावलं. मग म्हणाले, "सुतारानं केलेली दारं लोकाच्या घराला असतेत. शिंप्यानं शिवलेलं लोकाच्या अंगावर दिसतं. मला काय येत व्हतं, ते म्या कुणाला कशात दाखवू?"

पुढं आपला भाग मुंबई राज्यात गेला आणि दारूबंदीचा कायदा आपल्याकडंही आला. गावात दवंडी झाली: ज्याच्याकडं दारू असेल त्यानं ती जमा करावी, नाहीतर परवाना काढावा. मी तेव्हा औरंगाबादेला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. चाचा आमच्याकडं आले. ओसरीवर बसले. "बेटा, त्या दोन बाटल्या घरात ठिवायच्या म्हंजी कायतरी कागद लागतो म्हणे."

मी मोठ्या उत्साहानं उस्मानाबादला जाऊन छापील अर्ज आणला. परवाना कुणालाही मिळत नव्हता. ज्याला दारूची सवय जडली आहे आणि ती सुटली तर ज्याच्या जिवाला त्रास होईल, त्यालाच मिळत होता. डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. ती एका डॉक्टरांनी मान वर न करता लिहून दिली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते एका कारकुनानं मला तोंडी सांगितलं होतं. मी ते माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं: "अर्जदारास गेली वीस वर्षे दारूचे व्यसन असून ती एकाएकी बंद केल्यास त्याच्या प्रकृतीस अपाय होईल."

चाचांना उर्दू येत होतं, मराठी लिहिलेलं वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षराकडं कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलंय?"

मला ते वाक्य त्यांच्या तोंडावर वाचून दाखवता येईना. व्यसन हा शब्द मी त्यांच्यासमोर कसा उच्चारणार होतो? कागदावर लिहिताना मात्र काही वाटलं नव्हतं, हे मला आज विचित्र वाटतं. मी म्हणालो, "तब्येतीसाठी ठेवायच्या आहेत, असं लिहिलंय."

चाचा हसले. "तब्येतीसाठी. बरं. खोटं न्हाय ते." आणि त्यांनी उर्दूत सही केली.

खाली साक्षीदाराची जागा होती. शिकलेला माणूस हवा होता. मी पूर्ण नाव लिहिलं, पुढं कॉलेजचं वर्ष लिहिलं. आमच्या घरातून सरकारी कागदावर गेलेली ती पहिली सही. वडील तोवर अंगठाच लावत आले होते. मला फार आनंद झाला होता, हे लपवत नाही.

वर्षानं, पुन्हा मी सुट्टीत घरी असतानाच, तपासणीला दारूबंदी खात्याचा माणूस आला. माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा असेल. सकाळी दहाच्या सुमारास तो चावडीत बसला आणि चाचांना बाटल्यांसह बोलावलं. गावात परवाना असलेले ते एकटेच, त्यामुळं माणसं जमली होती. पाटील होते, शेटजी होता, मशिदीचे मौलवीसाहेब रस्त्यानं जाता जाता थांबले होते. वडील होते. मीही होतो.

त्या माणसानं बाटल्या उजेडात धरल्या. "बाबा, वर्ष झालं परवान्याला. सील तसंच आहे. मग तुम्ही पिता काय?"

"म्या पीत न्हाय साहेब," चाचा सरळपणानं म्हणाले.

"पीत नाही?" त्यानं फायलीतून माझ्या अक्षरातला अर्ज काढला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. सगळंच. मौलवीसाहेबांनी खाली पाहिलं. शेटजीनं मात्र वर पाहिलं.

तो माणूस वाईट नव्हता. त्यालाच घाम फुटला होता. "हे खोटं असलं तर मला वर कळवावं लागेल हो. खोट्या अर्जाचा खटला होतो. तुमच्यावर, आणि साक्षीदारावर." त्यानं खालचं माझं नाव वाचलं, वर्ष वाचलं. "कॉलेजातला आहे की हा. अशानं शिष्यवृत्ती जाते, कॉलेज जातं."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. ते काय चाललं आहे हे त्यांना कळत नव्हतं, फक्त कॉलेज जातं एवढं कळलं होतं.

मग चाचांनी माझ्याकडं पाहिलं. एवढंच बोलायचं होतं, की मी यांना वाचून दाखवलं नव्हतं. वाक्य तोंडात तयार होतं. मी बोललो नाही.

"लिवलंय ते खरं हाय," चाचा म्हणाले. "चारचौघांत लाज वाटली, म्हणून न्हाय म्हनलो."

"मग हे सील?"

"पेले आणा दोन," चाचा म्हणाले.

चावडीतले पितळी पेले पुढं आले, तर म्हणाले, "पितळंत नको, वास लागतो." मग समोरच्या हॉटेलातून चहाचे काचेचे दोन पेले आले. ते त्यांनी स्वतः विसळले, रुमालानं पुसले. दोन्ही सीलं फोडली, दोन्हींतून बोटभर ओतली. कुठली घाई नव्हती. देवडीत ते असेच ओतत असतील. आधी मक्याची प्यायले, मग रायची. दुसऱ्या पेल्याला त्यांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं आणि पाटलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वीस वर्षं पिणाऱ्याला असा ठसका लागत नाही. त्या माणसालाही ते कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घालून भराभर लिहायला सुरुवात केली.

"काय आबदार," शेटजी म्हणाला, "कंची ब्येस हाय?"

चाचांनी तोंड पुसलं. "दोनीबी आठ वर्साच्या हायत," एवढंच म्हणाले आणि उठले.

उरलेली दारू त्यांनी त्याच दिवशी परसात ओतून टाकली. बोळात तो वास दोन दिवस होता, आणि लोकांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तसा लावला. तुपाची वाटी त्यांच्याकडं जाईनाशी झाली. "दारुड्याच्या नाकाचा काय भरवसा?" शेटजी गिऱ्हाइकांना सांगे, आणि गिऱ्हाइकं ऐकून घेत. मौलवीसाहेब भले माणूस. ते स्वतः घरी जाऊन म्हणाले, तौबा करा, अल्ला माफ करणारा आहे, पहाटे या. चाचांनी तौबा केली. नमाजाला जात राहिले, अगदी मागच्या ओळीत. अजान मात्र पुन्हा दिली नाही. त्यांना कुणी बंदी केली नव्हती. म्हातारे बांगी दम खात खात देत, आणि एखाद्या पहाटे मध्येच थांबत.

माझी शिष्यवृत्ती राहिली. सुट्टी संपेपर्यंत मी मागच्या बोळानं जात-येत होतो, म्हणजे चाचांच्या दारावरून जावं लागू नये. वडील एकदा म्हणाले, "आबदार तसा माणूस वाटला न्हवता." मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मी निघालो, तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर चाचा बसलेले दिसले. एका गाठोड्यासह. सोलापूरला मुलीकडं निघाले होते, कायमचे. थांब्यावर आम्ही दोघंच. त्यांनीच विचारलं, "परीक्षा कवा हाय?" मी सांगितलं. मग मी एकदम म्हणालो, "चाचा, अर्जातलं ते वाक्य मी तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं."

"ठाव हाय. म्या तितंच बसलो व्हतो की."

"दाखवलं असतं, तर तुम्ही सही केली असती?"

"न्हाय."

मी कुठून तरी आधार शोधत होतो. "मग तुमच्या बाटल्या गेल्या असत्या," मी म्हणालो.

चाचांनी त्यावर खरोखर विचार केला. रस्त्याकडं बघत, शांतपणे.

"व्हय," ते म्हणाले. "बाटल्याच गेल्या असत्या."