अझाइडचे दोन थेंब

बिरदेव आमच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात एकोणीस वर्षं लॅब अटेंडंट होता. कागदावर कंत्राटी, कामाला मात्र आम्हा सगळ्यांना भारी. आटपाडीकडचा धनगर, त्याचा भाऊ गुंडा अजून मेंढरं राखतो. महापुरात पाच दिवस लाइट गेली आणि फ्रिजमधलं सगळं सीरम नासलं, तेव्हा ती घाण धुताना हा बाबा ढसाढसा रडला होता. त्यानंतर मीच त्याला शिकवलं, की प्रत्येक बाटलीत सोडियम अझाइडचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे काही नासत नाही. त्यानं ते व्रतासारखं पाळलं.

पूजा ही तरुण संशोधक आली ती मेंढ्यांच्या एका रोगाची चाचणी बनवायला. त्याच रोगानं गुंडाची निम्मी मेंढरं गेली होती. वाचलेल्यांचं रक्त बिरदेव स्वतः एसटीनं घेऊन यायचा. त्या रक्तातलं प्रथिन रंग दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला जोडायचं, आणि त्यासाठी परदेशातून आलेलं जोडरसायन, इवल्याशा चार कुप्या. तीन वाया गेल्या. जोड काही बसेना. पूजाचं जेवणावरचं लक्ष उडालं. शुक्रवारी समितीपुढे चाचणी चालली नाही तर प्रकल्प बंद होणार होता, आणि नवी कुपी यायला दोन महिने.

गुरुवारी दुपारी तिनं शेवटची कुपी मेंढीच्या प्रथिनात ओतली.

"ताई, ह्ये धरतंय कसं?" बिरदेवनं विचारलं. अकरा महिने रक्त आणणाऱ्या माणसाला एवढंही आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, याला दोन हात असतात. एका हातानं हे प्रथिन धरायचं. दुसरा हात फक्त अझाइडला धरतो. रंगाच्या प्रथिनावर मी अझाइड बसवलंय."

बिरदेवचा चेहरा उतरला. "अझाइड? त्ये तर म्या घालतोय. ह्या बाटलीत बी. दोन थेंब."

पूजानं रिकामी कुपी टेबलावर ठेवली. बाटलीतल्या मोकळ्या अझाइडनंच ते दुसरे हात अडवून टाकले होते. रंगाला धरायला हातच उरत नव्हता. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"सोडवता येत न्हाई का, ताई?"

"नाही मामा. एकदा धरलं की सुटत नाही. म्हणून तर हे मागवलं होतं."

समिती म्हणजे चहा पिऊन जाणारी चार माणसं. शुक्रवारी पूजानं घडलेलं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, अझाइड कुणी घातलं?

"म्या घातलं, सायेब," दारातून बिरदेव म्हणाला.

"कुणाला विचारून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणाला न्हाई."

माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

प्रकल्प बंद झाला. पूजा सामान बांधून गेली. बिरदेवचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यानं फ्रिजची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"सर, लाइट गेली तर लगेच जनरेटर लावा. आता बाटल्यांत काय घातलेलं न्हाई. नासून जाईल."