उंबराचा पाट

‘‘थांब, आधी विचारू दे,’’ असं म्हणून दादा हात जोडायचे. समोर माणूसच असेल असं नाही. झाड असेल, नदीतला गोटा असेल. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. कँटीनमध्ये माझ्या डब्यातली भाजी मात्र न विचारता घ्यायचे, ते वेगळं.

धाटावला आम्ही एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, नि रोह्याला एकाच आळीत राहायला. ते थोरले, म्हणून मी दादा म्हणायचो. मंत्रतंत्राची विद्या वडिलांकडून आलेली. अंगारे-धुपारे करून कुणाला लुबाडणं नाही, आपली घरच्या घरी साधना. त्या वर्षी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अहो, ती बाई म्हणजे अख्ख्या आळीचा रेडिओ! डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दादांनी ठरवलं, देवीचं नवं ठाणं मांडायचं, त्यापुढं जपाला बसायचं नि वाचा मागून घ्यायची.

मग सामान जमवणं सुरू झालं. स्कूटर माझ्याकडे, म्हणून हमाली माझी. पाट उंबराचाच हवा. त्यासाठी संध्याकाळी झाडाला कुंकू-अक्षता वाहून आमंत्रण द्यायचं नि फांदी दुसऱ्या दिवशी घ्यायची. म्हणजे त्याच खडकाळ वाटेवर दोन खेपा!

‘‘दादा, कालच घेतली असती तर?’’ मी वैतागून म्हटलं.

‘‘तुला लग्नाचं बोलावणं आलं, तर त्याच पावली उठून जातोस काय रे?’’

पेणच्या सुताराला बजावलं, लोखंडाचा खिळा नको, लाकडाच्याच खुंट्या मार. देवी म्हणून पुजायचा गोटा नागोठण्याला अंबा नदीच्या पात्रातला. पाण्यात उभे राहून दादांनी कितीतरी उचलले, कपाळाला लावले, परत ठेवले. देवीचं यंत्र कोरायला तांब्याचा पत्रा एकानं कंपनीच्या भंगारातला देऊ केला. ‘‘नको,’’ म्हणाले, ‘‘त्याला नाइट शिफ्टची सवय हाय. देवीपुढं पेंगंल.’’ तोही पेणहून आणला.

हे सगळं ड्यूटी सुटल्यावर. घरी जायला रोज उशीर. वहिनींपाशी शेजारची म्हातारी येऊन-जाऊन असायची.

शेवटी राहिलं पाटावर अंथरायचं कापड. ते वहिनींच्या लग्नातल्या साडीचंच लागणार होतं. दादांनी ट्रंकेतून हिरवा शालू काढला नि खाटेशी उभे राहिले. मी दारात.

‘‘घेऊ काय गो?’’

वहिनींनी मान हलवली. नाही.

‘‘अगो, तुझ्यासाठीच मांडतोय ना!’’

परत नाही. डाव्या हातानं शालू ओढून पोटाशी धरला. मला तर रागच आला. एवढं रान तुडवलं, नि हिचा हट्ट बघा! दादा रडकुंडीला आले. हिसकावून घ्यावा तर नेम मोडतो, सोडून द्यावा तर ठाणं अपुरं.

वहिनींनी पाटाकडे बोट केलं, मग खाटेजवळच्या जमिनीकडे. दादांनी पाट तिथं नेऊन ठेवला, तरी बोट थांबेना. आता ते दादांकडे रोखलेलं. गोंधळून बिचारे स्वतःच पाटावर बसले, तेव्हा कुठं तो हात खाली आला. वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही रानोमाळ हिंडत होतो तेव्हा ही बाई रोज संध्याकाळभर दाराकडे बघत पडलेली असायची, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

ठाणं काही मांडलं गेलं नाही. गोटा नि पत्रा फडताळात राहिले. ड्यूटीवरून आले की दादा पाटावर बसत नि दिवसभरातलं सगळं वहिनींना सांगत. वाचा आली नाही. पण हसताना त्यांचे खांदे हलायचे, ते मी पाहिलंय.

दादाच आधी गेले, ध्यानीमनी नसताना. दिवसकार्य आटोपल्यावर मी भेटायला गेलो. वहिनींनी मला पाटावर बसायची खूण केली. बसलो. मग म्हटलं, ‘‘आज कंपनीची बस उशिरा आली, वहिनी. नि कँटीनच्या आमटीत मीठच नव्हतं.’’

त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबलो, तर डावा हात हलवला. पुढं.

मी पुढं सांगायला लागलो.