तिसरं नको

आमच्या मुलीचं, ऋताचं, जवळजवळ ठरलेलं लग्न एक डच पाहुणी फार अगत्याने वागल्यामुळे मोडलं. ते अगत्य तिला मी शिकवलं होतं. बाकी तपशील खाली.

फेमके नेदरलँड्सहून आली. अठरा वर्षांची, विद्यार्थी देवाणघेवाणीच्या एका योजनेतून, वर्षभरासाठी, सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये. यजमान कुटुंब म्हणून आमची निवड का झाली, हे मी विचारलं नाही. (मुलाखत मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, दिली होती. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.) लवकरच ती मला बाबा आणि मंजिरीला आई म्हणू लागली, आणि सकाळच्या क्लासमध्ये शिकलेलं मराठी दिवसभर आमच्यावर वापरू लागली.

अडचण एकच होती. तिच्या देशात 'नको' म्हणजे नको.

हे उघडकीस आलं माझ्या धाकट्या बहिणीमुळे. विजू कात्रजहून बसने, भर उन्हात आली. घरी फेमके एकटीच होती. तिने पाणी दिलं आणि विचारलं,

"आत्या, चहा करू?"

"नको गं, कशाला त्रास!"

"बरं," म्हणून फेमके अभ्यासाला बसली.

विजू बराच वेळ सोफ्यावर बसून राहिली आणि मग निघून गेली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या नातेवाइकांत पोहोचली. आमच्या वर्तमानपत्राची कुठलीही आवृत्ती इतक्या वेगाने कधी पोहोचलेली नाही.

"दादा, चहा नाही मिळाला तरी माझं काही अडत नाही," विजू फोनवर म्हणाली, "पण निदान विचारावं तरी!"

"विचारलं ना तिने?"

"एकदा! एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं?"

मी तीस वर्षं बातम्या संपादित केल्या आहेत. कुठलाही गोंधळ तीन छोट्या वाक्यांत बसवता येतो, असा माझा समज आहे. (मंजिरी याला आजार म्हणते.) मी फेमकेला समोर बसवलं.

"हे बघ. पहिलं नको रीतीचं. दुसरं नको संस्काराचं. तिसरं खरं."

"म्हणजे पहिली दोन खोटी?"

"खोटी नाहीत. सभ्य."

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"तर पाहुणा उपाशी जातो आणि वर्षभर बोलतो."

फेमकेने नियम जसाच्या तसा स्वीकारला. हा नियम घरापुरता आहे, पेठेतल्या दुकानांना लागू नाही, हे सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. दुसऱ्याच दिवशी ती श्रीखंड आणायला गेली. 'संपलं', असं दुकानदार म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. 'संपलं म्हणजे संपलं', असं ते म्हणाले. तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"मग?" मी विचारलं.

"तुमचं बरोबर होतं, बाबा. तिसऱ्यांदा ते अगदी मनापासून बोलले."

रिक्षावाल्यावर मात्र नियम चालला! दोनदा 'नाही जमणार' म्हटल्यावर तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बसा ताई. नकाराला एवढा वेळ आजवर कुणी दिला नाही मला." त्या दिवसापासून फेमकेचा माझ्या नियमावरचा विश्वास पक्का झाला. माझाही थोडा वाढला. चूक तिथेच झाली.

याच सुमारास ऋतासाठी निनाद कडूसकरचं स्थळ आलं. ऋता आयटीत, निनादही आयटीत. मंजिरी दोन वर्षं स्थळं बघत होती आणि ऋता दोन वर्षं 'बघू' म्हणत होती. निनादला भेटून आल्यावर ती पहिल्यांदा 'ठीक आहे' म्हणाली. (आमच्या घरात याहून मोठा होकार कुणी दिलेला नाही. मंजिरीनेही मला तेवढाच दिला होता.) त्यातून निनादचे वडील फोनवर म्हणाले होते, "आम्हाला काही नको हो. फक्त मुलगी आणि नारळ!" मंजिरीने हे वाक्य सोसायटीत प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. मीही ऑफिसात सांगितलं, वर 'समाज बदलतोय' असं स्वतःचं भाष्य जोडून. (बातमीत भाष्य मिसळू नये, हे मी प्रत्येक नव्या वार्ताहराला बजावतो.)

बोलणी पक्की करायला कडूसकर रविवारी आमच्याकडे जेवायला आले. वडील, आई, निनाद आणि निनादचे काका. मंजिरीने पुरणपोळ्या केल्या होत्या. ऋताचा ड्रेस घालून फेमके वाढायला उभी राहिली.

आग्रह कसा करावा, हे त्या दिवशी तिच्याकडून शिकावं! निनादच्या आईंनी दोनदा नको म्हटलं आणि त्यांना पोळी मिळाली. वडिलांचंही तसंच झालं. काकांचा हिशेब मात्र चुकला. बोलण्याच्या ओघात त्यांनी तिसरंही नको म्हणून टाकलं. फेमके ताबडतोब पुढच्या पानाकडे वळली. काकांचा हात ताटावर आडवा तसाच राहिला आणि नजर पोळीबरोबर खोलीभर फिरत राहिली.

जेवणानंतर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. ऋता आत सुपारीचा डबा शोधत होती. कडूसकरांनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले,

"तर मग आमच्याकडून पक्कं समजा. आणि मी फोनवर म्हटलं तेच. आम्हाला काही नको."

मंजिरीने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी रीत म्हणून विचारलं, "तरीपण, काही अपेक्षा असेल तर..."

"छे छे! देवाच्या दयेने सगळं आहे. काही नको."

मी हात जोडले. विषय माझ्यापुरता संपला होता.

फेमके मात्र पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. तिने भुवया उंचावल्या. मी लक्ष दिलं नाही. तिने घसा खाकरला. मी पंख्याकडे पाहिलं. पाहुणा उपाशी जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. शेवटी ती स्वतःच कडूसकरांसमोर गेली.

"काका, खरंच काही नको? संकोच करू नका. घर तुमचंच आहे."

कडूसकरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने किंचित मान हलवली.

"आता ही पोरगी इतक्या आग्रहाने विचारतेय म्हणून सांगतो," कडूसकर म्हणाले. "म्हणजे मागणी नाही हं ही. कार्य जरा लॉन्सवर व्हावं. आमच्याकडची माणसं मोठ्या मनाची आहेत, त्यांना हॉलमध्ये कोंदटल्यासारखं होतं."

"आणि गाडी," निनादच्या आई म्हणाल्या. "ती आम्हाला नकोच. ऋताच्याच सोयीसाठी. ऑटोमॅटिक बघा. पांढरा रंग नको, लवकर मळतो."

"मुलं बावधनला फ्लॅट बघतायत," कडूसकर पुढे म्हणाले. "त्यात तुमचाही हातभार असला, की मुलांना माया वाटते."

"सोनं मात्र तुमच्या हौसेने," आई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या सुनेच्या माहेरची हौस चांगली घसघशीत होती!"

"बघा बाबा!" फेमके आनंदाने म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारायलाच पाहिजे होतं! किती भूक होती त्यांना!"

आता मी काय केलं, ते नोंदवणं भाग आहे. मंत्र्यांना अडचणीचे प्रश्न विचारल्याचे किस्से मी घरात अनेकदा सांगितले आहेत. समोर प्रत्यक्ष हुंडा मागितला जात असताना मी विचारलं, "पांढरा नको, मग कुठला?"

मंजिरीने डोळे मिटले.

ऋता सुपारीचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"निनाद, हे तुला माहीत होतं?"

"अगं, मोठ्यांच्या बोलण्यात मी कशाला पडू?" निनाद म्हणाला. "आणि मला करड्या रंगाचीही चालेल."

ऋताने डबा टीपॉयवर ठेवला. "मला हे लग्न नको."

"ऋता!" मंजिरी दचकून म्हणाली. दोन वर्षांची मेहनत दाराबाहेर चाललेली तिला दिसत होती. "अगं, लगेच नको कसलं म्हणतेस?"

कडूसकर समजुतीने हसले. "राहू द्या हो. मुली आधी नकोच म्हणतात."

फेमकेला हे पटलं. ती गंभीरपणे ऋतासमोर जाऊन उभी राहिली.

"ऋता, नको?"

"नको."

दोन झाले. कडूसकर सोफ्यावर पुढे सरकले. मंजिरीने पदर घट्ट धरला. मीही, लाज वाटते सांगायला, मोजत होतो.

"अजिबात नको?"

"अजिबात नको."

फेमके पाहुण्यांकडे वळली. "तीन झाले," ती म्हणाली. "आता हे खरं आहे."

कडूसकर उठले. त्यांच्याबरोबर सगळेच उठले. "शिकलेल्या घरात ही पद्धत!" एवढंच ते बोलले आणि चपला शोधू लागले. मागच्या मागे फेमकेने निनादच्या काकांना गाठलं.

"काका, पोळ्या बांधून देऊ?"

"नको नको."

"घेऊन जा ना."

"नको हो, कशाला..." काका म्हणाले आणि या वेळी जागेवरच थांबले.

"घ्याच!"

काकांनी एकही शब्द न बोलता डबा घेतला. त्या घरात शिकणारा एक माणूस आहे, असं माझं मत झालं.

मंजिरी माझ्यावर चिडली होती. ऋता मात्र बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसत होती. फेमके कोपऱ्यात बसून होती. आपल्या हातून काहीतरी मोडलं आहे, एवढं तिला कळलं होतं.

"आई, मी चूक केली?" तिने विचारलं.

"तू नाही गं," मंजिरी म्हणाली. तिने फेमकेला जवळ ओढलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, प्रश्न विचारायचा तुम्हाला पगार मिळतो ना? मग गाडीचा रंग काय विचारता?"

मी टीपॉयवरचा सुपारीचा डबा आत नेऊन ठेवला.

संध्याकाळी जेवताना एकच पुरणपोळी उरली होती. मंजिरी ती घेऊन माझ्या ताटाशी आली. गाडीच्या रंगानंतरचा तिचा माझ्याशी हा पहिलाच शब्द होता.

"वाढू?"

समेट झाला, असं मला वाटलं. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नको."

"बरं," म्हणून तिने ती फेमकेला वाढली. पोरीने दयेने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. मंजिरीने तिच्या पोळीवर तूप सोडलं.

"तू खा. पुढचा प्रश्न विचारायची यांच्या घरात पद्धत नाही."

मी ताकभात कालवला.